मृत्युपत्र, विश्वस्त आणि परळची रुग्णालये

जुन्या ग्रंथालयातील एखादे कापडी बांधणीचे पुस्तक उघडले की मलपृष्ठाच्या आतील बाजूस चिकटविलेली एक चिठ्ठी पुष्कळदा दृष्टीस पडते. 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ', 'मातोश्रींच्या पुण्यस्मृतीस' अशी ती अक्षरे असतात. कपाटांच्या माथ्यावर आणि वाचनकक्षाच्या भिंतीवर अशाच नावांच्या पाट्या असतात. मराठी मंडळी जेथे जेथे स्थायिक झाली तेथे त्यांनी ग्रंथालये उभारली, आणि गेलेल्या माणसाचे नाव ग्रंथाशी जोडण्याची ही रीतही सोबत नेली. तीच रीत रुग्णालयांतही आढळते. खाटेच्या उशाशी, वॉर्डाच्या दारावर आणि शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर दात्यांची नावे कोरलेली असतात. ग्रंथालय आणि रुग्णालय या दोन्ही संस्थांचे एक साम्य असे की, त्यांची इमारत एका दानातून उभी राहू शकते, परंतु ती चालते मात्र रोजच्या खर्चावर आणि रोजच्या माणसांवर. म्हणूनच या दोन्ही ठिकाणी एक प्रश्न वारंवार उभा राहतो. दात्याच्या पश्चात त्याचा पैसा कोणत्या कामी लागावा, हे कोणी ठरवावयाचे?

मुंबईच्या परळ भागातील दोन मोठ्या आरोग्यसंस्थांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे सापडतात. एक म्हणजे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, आणि दुसरी म्हणजे टाटा स्मारक रुग्णालय. यांपैकी पहिल्या संस्थेची घडी ज्यांनी बसविली ते डॉ. जीवराज मेहता हे बडोदे संस्थानातले. ते तेथील आरोग्यखात्याचे प्रमुख होते आणि पुढे त्या संस्थानाचे दिवाणही झाले. त्यामुळे बडोद्याच्या वाचकास तो इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

'धर्मा'साठी ठेवलेला पैसा

आपल्या समाजात मरणोत्तर दानाची कल्पना नवी नव्हती. अन्नछत्र, धर्मशाळा, पाणपोई, नदीवरचा घाट, पांजरपोळ यांसाठी पैसा ठेवण्याची वहिवाट फार जुनी. इंग्रजी अमलात मृत्युपत्र लिहिण्याची पद्धत व्यापारी वर्गात रूढ झाली, तेव्हा ही वहिवाट त्या कागदावर उतरली. वारसांची तरतूद केल्यानंतर शेवटच्या कलमात 'उरलेली रक्कम धर्माकडे लावावी' असे लिहून धनिक मनुष्य निश्चिंत होत असे. लिहिणारा, लिहवून घेणारा आणि साक्षीदार या तिघांनाही त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असे.

न्यायालयाला मात्र तो ठाऊक नव्हता. १८९९ साली रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, केवळ 'धर्म' या शब्दाने केलेले दान संदिग्धतेमुळे निरर्थक ठरते. त्यामागील विचार असा होता की, विश्वस्ताने पैसा योग्य कामी लावला की नाही हे न्यायालयास तपासता आले पाहिजे, आणि 'धर्म' या शब्दाची व्याप्ती इतकी अफाट आहे की तशी तपासणी शक्यच नाही. या निर्णयाने अनेकांना चकित केले. ज्या शब्दावर हिंदू समाजाची सारी दानपरंपरा उभी होती, तोच शब्द कायद्याच्या दृष्टीने रिकामा ठरला. हा दोष पुढे अर्धशतकाने दूर झाला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाने स्पष्ट केले की, धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंनी केलेला सार्वजनिक न्यास, त्याचे हेतू निश्चित नाहीत एवढ्याच कारणाने रद्द समजला जाणार नाही. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालेले असल्याने हा कायदा तेथेही लागू झाला.

मधल्या पन्नास वर्षांत मात्र एक इष्ट परिणाम घडून आला. दाते, त्यांचे वकील आणि त्यांचे विश्वस्त यांना दानाचे प्रयोजन नेमक्या शब्दांत मांडणे भाग पडले. पैसा कशासाठी, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर, हे लिहिल्यावाचून गत्यंतर उरले नाही. परळच्या संस्थांचा जन्म याच काळातला आहे.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि बंद दरवाजा

पश्चिम भारतात पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४५ पासून सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावे निघालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून झालेले रुग्णालय ही दोन्ही एकाच आवारात उभी राहिली. जमशेटजींचे हे दान हयातीतले होते. त्यांनी पैसा दिला, सरकारनेही दिला, आणि कारभार सरकारच्या हाती राहिला. या महाविद्यालयाने पहिल्याच पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा पुरुष दिला. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेला हा विद्वान पुढे वैद्यकाइतकाच प्राच्यविद्येत नामांकित झाला.

तथापि शिकून बाहेर पडणाऱ्या हिंदी वैद्यांना त्याच महाविद्यालयात अध्यापक म्हणून परत येण्याची वाट जवळजवळ बंद होती. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. ही मुळात लष्करी सेवा. तिची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांना खुली झाली आणि बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती त्याच वर्षी तीत उत्तीर्ण झाले, हे खरे. परंतु परीक्षा लंडनला होत असे. समुद्रप्रवासाचा खर्च, ज्ञातीचा विरोध आणि परदेशातील वास्तव्य हे सर्व ज्याला पेलेल त्यालाच ती खुली होती. इतरांच्या वाट्याला दुय्यम जागा किंवा खाजगी व्यवसाय येई. हिंदी वैद्य कितीही कुशल असला तरी त्याला रुग्णालयाचा वॉर्ड, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी या तीन गोष्टी एकत्र लाभत नसत, आणि त्यांवाचून अनुभवाचे रूपांतर शास्त्रात होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे डॉ. के. एन. बहादुरजी यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून या मक्तेदारीविरुद्ध आवाज उठविला. ठराव झाले, परंतु व्यवस्था बदलली नाही.

याच सुमारास शहराची गरज मात्र झपाट्याने वाढत होती. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील काही वर्षे मुंबईने भोगलेल्या यातना सर्वश्रुत आहेत. परळ, लालबाग, शिवडी हा गिरण्यांचा टापू कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गजबजून गेला होता. एका खोलीत दहा-बारा माणसे राहणाऱ्या चाळींत क्षयाला आणि हिवतापाला मुक्त संचार होता. जमशेटजी जीजीभाईंचे रुग्णालय भायखळ्यास. गिरणगावाला त्याच्या दारचे असे मोठे सार्वजनिक रुग्णालय नव्हते.

एका आवारातील दोन नावे

१९१० च्या मे महिन्यात सातवे एडवर्ड बादशहा निवर्तले. साम्राज्यातील अनेक शहरांप्रमाणे मुंबईतही त्यांच्या स्मारकासाठी निधी जमला, आणि त्यातून रुग्णालय उभारण्याचा विचार मुंबई महानगरपालिकेच्या कक्षेत आला. परंतु रुग्णालय म्हणजे केवळ खाटा नव्हेत. त्याला शिकविणारे व शिकणारे लाभले तरच त्याची पातळी टिकते, ही जाणीव शहरातील हिंदी वैद्यांना होती.

या ठिकाणी शेठ गोरधनदास सुंदरदास यांचे नाव येते. मुंबईच्या या धनिकाच्या मृत्यूनंतर त्यांच्या मिळकतीच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी साडेचौदा लाख रुपये देऊ केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. पण तिच्याहून मोठी होती ती तिच्यासोबत आलेली अट. या महाविद्यालयातील अध्यापक योग्य पात्रतेचे हिंदी वैद्य असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत, असे त्या अटीचे तात्पर्य. काँग्रेसच्या ठरावांनी जे साधले नाही, ते एका दानपत्रातील कलमाने साधावयाचे होते.

या अटीचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. दानाला अटी घालणे ही नवी गोष्ट नव्हती. अमुक ज्ञातीच्याच रुग्णांस प्रवेश द्यावा, अमुक तिथीस भोजन घालावे, आपल्या कुटुंबातील व्यक्तीस कारभारात स्थान असावे, अशा अटी सर्रास असत. अशी अट दात्याला किंवा त्याच्या गोतावळ्याला जपते. गोरधनदासांच्या दानाची अट मात्र देणाऱ्याच्या कुटुंबासाठी काहीच मागत नव्हती. रुग्णाची जात, धर्म वा पंथही ती विचारीत नव्हती. ती फक्त एवढेच म्हणत होती की, ज्या देशातील माणसे या रुग्णालयात उपचार घेणार, त्याच देशातील वैद्यांना तेथे शिकविण्याची संधी असावी. आजच्या वाचकाला ही मागणी साधी वाटेल. त्या काळी सरकारी महाविद्यालयाने ती मान्य करणे अशक्य होते. स्वतःच्या कारभारात लोकप्रतिनिधींचा आवाज असलेल्या महानगरपालिकेने ती मान्य केली, आणि बादशहाच्या नावाचे रुग्णालय व साम्राज्याच्या वैद्यकसेवेला दाराबाहेर ठेवणारे महाविद्यालय अशी दोन्ही एकाच आवारात उभी राहिली. इमारतींचा आराखडा 'गेट वे ऑफ इंडिया'चे वास्तुशिल्पकार जॉर्ज विटेट यांचा. १९२५ साली महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि २२ जानेवारी १९२६ रोजी रुग्णालयाचे उद्‌घाटन झाले.

अमरेलीचा विद्यार्थी

अट लिहिणे सोपे, ती निभावणे कठीण. हिंदी अध्यापकांनी चालविलेले महाविद्यालय दर्जात उणे पडले असते, तर अटीचाच तो पराभव ठरला असता आणि विरोधकांचे म्हणणे आपोआप सिद्ध झाले असते. म्हणून पहिल्या अधिष्ठात्याची निवड अत्यंत महत्त्वाची होती. ती डॉ. जीवराज नारायण मेहता यांची झाली.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८७ रोजी अमरेली येथे, म्हणजे बडोदे संस्थानाच्या हद्दीत झाला. घरची स्थिती बेताची. ग्रँट मेडिकल कॉलेजातील त्यांच्या शिक्षणाचा भार कपोळ ज्ञातीच्या वसतिगृहाच्या विश्वस्तनिधीने उचलला, आणि पुढील शिक्षणासाठी लंडनला जाणे टाटांच्या शिष्यवृत्तीमुळे शक्य झाले. एका मोठ्या दानाचे सोने करणारा हा मनुष्य स्वतःच दोन दानांवर घडलेला होता. लंडनला असताना १९१४ च्या सुमारास आजारी गांधीजींची शुश्रूषा त्यांनी केली आणि तो स्नेह आयुष्यभर टिकला. स्वदेशी परतल्यावर त्यांनी सयाजीराव महाराजांच्या राज्यात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. १९२४ मध्ये बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू याच हंसाबेन.

१९२५ पासून १९४२ पर्यंत, सतरा वर्षे, डॉ. मेहता यांनी परळच्या संस्थेचे सुकाणू सांभाळले. हिंदी मनुष्य या निकषाचा अर्थ त्यांनी 'कोणीही हिंदी मनुष्य' असा होऊ दिला नाही. अटीतील 'योग्य पात्रतेचे' हे शब्द त्यांनी 'हिंदी' या शब्दाइतकेच महत्त्वाचे मानले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास भोगावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ते बडोद्याचे दिवाण झाले आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

अटीची फळे

ज्या अध्यापकांना या संस्थेने वॉर्ड, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी ही तिन्ही साधने एकत्र दिली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा निर्देश प्रथम केला पाहिजे. विकृतिशास्त्राच्या अध्यापनाला आणि संशोधनाला आपल्या देशात त्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची पायाभरणी परळला झाली. डॉ. रुस्तम जाल वकील हे याच रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली वनस्पती. तिचा उच्च रक्तदाबावरील उपयोग त्यांनी रुग्णांच्या काटेकोर नोंदींच्या आधारे १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकातून जगापुढे मांडला आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी येथे भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही, परंतु जगातील पहिल्या हृदयारोपणास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी नलिकागर्भधारणेतून जन्मलेले बालक याच रुग्णालयात जगात आले.

हे सर्व घडत असताना बाह्यरुग्ण विभागापुढील गिरणी कामगारांची रांग कधी संपली नाही. साडेचौदा लाखांत महाविद्यालयाचा पाया घातला गेला, पण औषधे, वेतने, धुलाई, स्वयंपाक यांचा वर्षानुवर्षांचा खर्च नागरिकांच्या करांतून चालला. असेच दुसरे उदाहरण भायखळ्याच्या बाजूचे आहे. असहकाराच्या काळात, १९२१ साली, निघालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाला डॉ. आनंदराव नायर यांनी मातोश्रींच्या नावे काढलेल्या रुग्णालयाची आणि मालवणकडील देसाई-टोपीवाले यांच्या देणगीची जोड मिळाली. तरीही ते स्थिरावले ते १९४६ मध्ये महानगरपालिकेने त्याची जबाबदारी घेतल्यावर. दात्याने बीज द्यावे आणि लोकांनी पाणी घालावे, हीच या संस्थांच्या वाढीची रीत दिसते.

दुसरे उत्तर : टाटा

परळच्या दुसऱ्या संस्थेची कहाणी याहून निराळी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १८ जून १९३१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. या दांपत्यास अपत्य नव्हते. पुढील वर्षी सर दोराबजींनी दोन न्यास केले. एक लेडी टाटा स्मारक न्यास, पत्नीचा बळी घेणाऱ्या रोगाच्या संशोधनासाठी. दुसरा सर दोराबजी टाटा न्यास, ज्यात त्यांनी आपली बहुतेक सर्व संपत्ती, पत्नीच्या 'ज्युबिली' या सुप्रसिद्ध हिऱ्यासह, घातली. त्याचे हेतू विद्या, संशोधन आणि दुःखनिवारण असे विस्तृत ठेवले, आणि स्थळ, जात वा पंथ यांचे बंधन ठेवले नाही. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

पत्नीच्या स्मृतीशी निगडित असलेला पहिला न्यास नेमका होता, दुसरा मोकळा. कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले ते मोकळ्या न्यासाच्या विश्वस्तांनी घेतलेल्या निर्णयातून. अशा रुग्णालयाची गरज त्यांनी हेरली, त्यासाठी परळची जागा निवडली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकरांकडे आली. गोरधनदासांच्या अटीमुळे उभ्या राहिलेल्या महाविद्यालयातील प्राध्यापक टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात गेले, आणि दोन दानांची फळे एकमेकांस मिळाली. १९५७ मध्ये विश्वस्तांनी रुग्णालय केंद्र सरकारच्या स्वाधीन केले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्या खात्याचे तत्कालीन प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. आत्याच्या स्मृतीशी जोडलेली संस्था त्यांच्या खात्याकडे यावी, हा योग विलक्षण खरा.

या दोन उत्तरांत श्रेष्ठ कोणते? इतिहास पाहता असे म्हणावेसे वाटते की, ज्या ठिकाणी एखादा अन्याय समोर उभा असतो तेथे नेमकी अट उपयोगी पडते, आणि जेथे भविष्यातील गरज आज दिसत नाही तेथे विश्वस्तांना दिलेला अवकाश उपयोगी पडतो. 'धर्मासाठी' एवढेच लिहून पैसा ठेवणाऱ्या जुन्या धनिकाचा विश्वास चुकीचा नव्हता. त्याच्या पश्चात तो विश्वास कोण, कसा पाळणार, याची व्यवस्था मात्र त्याने केलेली नव्हती. परळच्या दात्यांच्या बाबतीत ती झाली. म्हणूनच गावच्या दवाखान्यासाठी काही मागे ठेवू इच्छिणाऱ्याने रकमेच्या विचाराइतकाच विचार तीन गोष्टींचा करावा. प्रयोजन स्पष्ट आहे काय, ते पुढे नेणारी माणसे योग्य आहेत काय, आणि पैसा संपल्यावर खर्च चालविणारी संस्था पाठीशी आहे काय.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांची नावे आता नव्या इमारतींखाली गडप झाली आहेत. रुग्णालये मात्र जागच्या जागी आहेत. दूरदूरच्या गावांहून येणारा रुग्ण 'केईएम'ला जावयाचे आहे असे सांगतो, विद्यार्थी आपण 'जीएस'चे असल्याचे सांगतो. या अक्षरांमागे एक बादशहा आणि एक व्यापारी आहे, याची त्यांना क्वचितच कल्पना असते. शेठ गोरधनदासांच्या दानाची ती अटही आता कोणास आठवत नाही. हिंदी वैद्याने हिंदी विद्यार्थ्याला शिकवावे ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की, तिच्यासाठी कधी साडेचौदा लाख रुपये आणि एक अट लागली होती, हे सांगावे लागते.